पूल खेळून पोट भरणारे

गेल्या हिवाळ्यात आमच्या क्लबात एका अर्जावर सह्या गोळा करण्याचे काम चालले होते. बाजारपेठेत एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर पूलची पाच टेबले मांडून कोणी एक खोली चालविली होती. ती जिल्हाधिकाऱ्यांनी बंद करावी, कारण तेथे तरुण मुले पैसे लावून खेळतात आणि बिघडतात, असा अर्जाचा आशय. अर्ज घेऊन आलेले सद्गृहस्थ आपल्याच मंडळींपैकी होते. महाराष्ट्राबाहेर पंचवीस वर्षे त्यांनी नेकीने नोकरी केली आहे, आणि गणेशोत्सवात मंडळाच्या पै-पैचा हिशेब तेच ठेवतात. त्यांना मी येथे भाऊसाहेब म्हणेन. भाऊसाहेबांच्या एका हातात अर्ज होता आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर क्यूचा निळा खडू होता. बिलियर्ड्सच्या खोलीत नुकताच स्नूकरचा एक डाव संपला होता. त्या डावावर पाचशे रुपयांची पैज होती, हे मला पक्के ठाऊक आहे, कारण पैज हरलेला मीच.

गुण मोजणारा आमचा वृद्ध मार्कर टेबलावरून ब्रश फिरवीत होता. अर्जाचे वाचन त्याच्या कानांवर पडत असणारच. त्याचा धाकटा मुलगा त्याच बाजारातल्या खोलीत रोज खेळावयास जातो, हे क्लबात सर्वांना माहीत आहे.

मी सही केली नाही. का केली नाही, हे त्या रात्री मला नीटसे सांगता आले नाही. भाऊसाहेबांचे तीन आक्षेप होते. पूल हा मुळात जुगार आहे. तो खेळून जगणारा माणूस लबाड असतो. आणि खेळणे हा काही पोटाचा धंदा नव्हे. "आपले स्नूकर निराळे, बिलियर्ड्स निराळे," ते म्हणाले. "ते सभ्य माणसांचे खेळ. पूल हा मवाल्यांचा." हे आक्षेप एकट्या भाऊसाहेबांचे असते तर त्यांना क्लबातच उत्तर दिले असते. पण ते आपल्या सबंध वर्गाचे आहेत, आणि दिल्ली असो, जबलपूर असो की कोलकाता, आपण जेथे जेथे बदलून जातो तेथे ते आपल्या सामानाबरोबर जातात. म्हणून ही उत्तरे चारचौघांत देणे बरे.

पहिला आक्षेप जुगाराचा. 'पूल' या शब्दातच पैसा आहे, हे मान्य. खेळणाऱ्या प्रत्येकाने आपला वाटा टाकून जमविलेली रक्कम, ती पूल. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत 'पूलरूम' म्हणजे घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याची जागा होती. दोन शर्यतींमधला वेळ गिऱ्हाइकांना कंठता यावा म्हणून मालकांनी तेथे टेबले आणून ठेवली. दुकानाची अपकीर्ती टेबलाला चिकटली, आणि शर्यतीचा जुगार तेथून उठून गेल्यावरही ती सुटली नाही.

पण मग स्नूकर कोठून आले? ते इंग्लंडातून आले असे समजणाऱ्यांनी जबलपूरच्या आपल्या मित्रांना विचारावे. १८७५ सालच्या पावसाळ्यात डेव्हनशर रेजिमेंटच्या मेसमध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांना करमत नव्हते. वेळ घालविण्यासाठी ते जे खेळ खेळत त्यांत 'लाइफ पूल' हा एक होता. प्रत्येक खेळाडूला एकेका रंगाचा चेंडू आणि तीन 'जीव'. चेंडू खिशात गेला की एक जीव गेला, आणि त्याचे पैसे मोजावयाचे. 'पिरॅमिड्स' नावाच्या दुसऱ्या खेळात पंधरा तांबडे चेंडू असत, आणि तेथेही प्रत्येक चेंडूमागे देणे-घेणे होते. 'ब्लॅक पूल'मध्ये एक काळा चेंडू घालून दंडाची रक्कम आणखी वाढविलेली. या खेळांची सरमिसळ करून नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने त्यात आणखी रंगीत चेंडू आणले. (पुढे पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे.) वुलिचच्या लष्करी विद्यालयात नवशिक्या विद्यार्थ्याला 'स्नूकर' म्हणून हिणवीत. एका सोबत्याला सोपा चेंडू साधला नाही तेव्हा चेंबरलेनने त्याला तीच पदवी दिली, आणि लगेच समजूतही घातली की या नव्या खेळात आपण सारेच स्नूकर आहोत. १८८२ साली उटीच्या क्लबात या खेळाचे नियम लिहून लावले गेले. चेंबरलेनने स्वतः १९३८ साली ही हकीकत छापून प्रसिद्ध केली.

सांगावयाचे ते एवढेच की, भाऊसाहेबांचा सभ्य खेळ हा त्या मवाली खेळाचा पोटचा मुलगा आहे, आणि त्याचा जन्म आपल्या देशात, सरकारी इमारतीत, पैशाच्या पैजेवर झाला आहे. बापाला ओळख दाखवावयाची नाही आणि त्याची जिंदगी मात्र उपभोगावयाची, ही रीत आपल्याकडे नवी नाही. पण निदान तिला नीतीचे नाव देऊ नये.

आपण कायदा राबविणारी माणसे आहोत, म्हणून कायद्याचेही पाहावे. जबलपूरच्या त्या पावसाळ्याआधी आठ वर्षे, १८६७ साली, इंग्रजांनी सार्वजनिक जुगाराविरुद्ध कायदा केला. त्याच्या बाराव्या कलमाने केवळ कौशल्याचे खेळ, मग ते कोठेही खेळले जावोत, त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. 'कोठेही' हा शब्द महत्त्वाचा आहे. १९५७ साली बक्षिसांच्या स्पर्धांविषयीच्या चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद मान्य केला. ज्या स्पर्धेतले यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे तिला जुगाराच्या पंक्तीला बसवता येत नाही. कौशल्याच्या खेळावर लावलेली पैज कोणत्या राज्यात चालते आणि कोणत्या नाही, हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्या त्या राज्याच्या कायद्यात शोधावे लागेल. मात्र जे उत्तर निघेल ते गोदामाच्या माडीला आणि क्लबाच्या खोलीला एकच असले पाहिजे. आमच्या अर्जात माडीचा पत्ता होता. क्लबाचा नव्हता.

दुसरा आक्षेप लबाडीचा, आणि तो अधिक गंभीर आहे. पैशासाठी पूल खेळत गावोगाव हिंडणाऱ्याला अमेरिकेत 'हस्लर' म्हणतात, आणि तो फसवतो यात शंका नाही. नेड पोल्स्की या समाजशास्त्रज्ञाने या लोकांत वावरून, स्वतः त्यांच्याबरोबर खेळून, त्यांच्या धंद्याचा अभ्यास केला. १९६७ सालच्या त्याच्या पुस्तकात तो वाचावयास मिळतो. या धंद्याचा पहिला नियम असा की आपले खरे सामर्थ्य कधी दिसू द्यावयाचे नाही. अवघड चेंडू साधण्याची संधी आली तरी तो थोडक्यात चुकवावयाचा. जिंकावयाचे ते काठावर, आणि जणू दैवाने. मधूनमधून हरावयाचे. समोरच्याला वाटले पाहिजे की पुढच्या डावात हा आपल्या हाती सापडेल. पैजेचे पैसे पुष्कळदा खेळाडूचे नसतातच. मागे बसलेला सावकार ते लावतो, जिंकले तर बहुधा अर्धा वाटा घेतो, आणि म्हणून कधीकधी खेळाडू मुद्दाम हरून त्या सावकारालाच बुडवितो. या व्यवहाराचे समर्थन मी करीत नाही.

पण यात खेळाडूचे काय होते तेही पाहावे. ज्या गायकाला पोटासाठी जन्मभर मुद्दाम बेसूर गावे लागेल त्याची स्थिती कल्पनेत आणा. चांगल्या हस्लरची स्थिती तीच. ज्या फटक्यासाठी त्याने दहा वर्षे घालविली तो फटका लोकांदेखत मारणे त्याला परवडत नाही. उत्तम खेळावे आणि उघड खेळावे एवढ्यावर भाकरी मिळत असती, तर किती जणांनी ही विद्या लपविण्याची विद्या शिकली असती?

उघड खेळण्याचा मार्ग सर्वांना मोकळा होता काय? विली मोस्कोनी या फिलाडेल्फियाच्या खेळाडूला तो मिळाला. बाप पूलची खोली चालवीत असूनही मुलाने खेळू नये म्हणून चेंडू कुलपात ठेवी. तेव्हा पोराने बटाटे आणि झाडूचा दांडा घेऊन सराव केला, असे तो पुढे सांगे. १९४१ ते १९५७ या काळात तो १५ वेळा जगज्जेता झाला. १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड गावी त्याने एकही चेंडू न चुकता ओळीने ५२६ चेंडू खिशात घातले. हा विक्रम २०१९ पर्यंत टिकला. कोट-टाय घालून तो देशभर प्रयोग करीत हिंडला, आणि पैजेवर जगणाऱ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता. पण लोकांच्या तोंडी नाव कोणाचे राहिले? १९५९ च्या वॉल्टर टेव्हिसच्या कादंबरीवरून १९६१ साली हस्लरांवर चित्रपट निघाला. त्यातल्या एका पात्राचे नाव रुडॉल्फ वॉन्डरोन या जाड्या, बोलघेवड्या पैजबहाद्दराने खुशाल उचलले, आणि ते पात्र म्हणजे मीच असे सांगत तो आयुष्यभर मिरवला. कादंबरीकाराने ते नाकारले, पण ऐकतो कोण? १९७८ साली दूरचित्रवाणीसाठी दोघांचा सामना झाला. मोस्कोनीने त्याला हरविले, आणि तरीही टाळ्या-हशा वॉन्डरोनच्या वाट्याला आला. ज्या समाजाला कसबापेक्षा लबाडीची गोष्ट अधिक आवडते, त्याने लबाडी वाढली म्हणून कपाळाला हात लावू नये.

शिवाय, कित्येकांना तर दारातूनच परत पाठविले जाई. ब्रुकलिनचा सिसरो मर्फी हा कृष्णवर्णी खेळाडू. मोठ्या स्पर्धांचे दरवाजे त्याला वर्षानुवर्षे कातडीच्या रंगामुळे बंद होते. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या जागतिक स्पर्धेत त्याला अखेर प्रवेश मिळाला, आणि पहिल्याच खेपेस त्याने ती जिंकली. तोवर अशा माणसाने खेळावे कोठे? ज्या खोल्यांत पैजा चालत, तेथेच. आणि तेथे खेळला म्हणून तो हलका ठरावयाचा.

उघड पैसा मिळाला की लबाडी संपते, असे मात्र मी म्हणणार नाही. २०२३ साली व्यावसायिक स्नूकरमधल्या दहा चिनी खेळाडूंवर, सामन्यांचे निकाल आधी ठरविण्याच्या आणि त्यासारख्या आरोपांवरून, बंदी आली. दोघांवर ती जन्माची आहे. तो कलंक व्यावसायिक खेळाचाच आहे. पण त्या दोघांनी आपल्याहून तरुण खेळाडूंना या मार्गाला लावल्याचे चौकशीत निघाले, आणि शिक्षा ठरविताना हा भेद पाहिला गेला. प्रत्येकाचा दोष प्रत्येकाच्या पदरात घातला गेला. आपल्या खात्यांतही लाचखाऊ निघतात, तेव्हा आपण चौकशी करतो. खातेच बंद करा असा अर्ज कोणी देत नाही.

तिसरा आक्षेप, हा पोटाचा धंदा नव्हे. येथे भाऊसाहेबांचे म्हणणे निम्मे खरे आहे. १९२७ साली जो डेव्हिस व्यावसायिक स्नूकरचा पहिला जगज्जेता झाला, तेव्हा त्याच्या हाती साडेसहा पौंड आले. फिलिपाइन्सच्या एफ्रेन रेयेसचे चरित्र याहून बोलके आहे. १९५४ साली पाम्पांगा प्रांतात जन्मलेला हा मुलगा लहानपणी मनिलात काकाच्या पूलच्या खोलीत राहावयास आला. रात्री गिऱ्हाईक गेल्यावर तो त्या टेबलांवरच झोपे, आणि हात पुरत नसे म्हणून बाटल्यांच्या खोक्यांवर उभा राहून खेळे. १९८५ साली तो अमेरिकेस गेला तेव्हा त्याची कीर्ती आधीच तेथे पोहोचली होती. खरे नाव सांगितले तर पैज लावणार कोण? म्हणून तो सेझर मोरालेस या नावाने खेळला, आणि जिंकला. लबाडी म्हणावयाची तर ही लबाडीच. पण दारे उघडल्यावर याच माणसाने काय केले? १९९४ साली अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकणारा तो पहिला परदेशी ठरला. १९९९ साली कार्डिफला तो नऊ चेंडूंच्या पूलचा जगज्जेता झाला. त्याच्या देशाने त्याला डोक्यावर घेतले, आणि २०२२ साली आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत, ६७ व्या वर्षी, देशाच्या वतीने खेळून त्याने कांस्यपदक मिळविले.

आता याच रेयेसला फसविले कोणी, तेही ऐका. २००६ साली अमेरिकेतल्या रिनो शहरी एका नव्या व्यावसायिक मालिकेची मोठी स्पर्धा झाली. पहिले बक्षीस पाच लाख डॉलर. ती भरविणारा केव्हिन ट्रूडो हा दूरचित्रवाणीवर पुस्तके खपवून गबर झालेला गृहस्थ होता. खेळाडूंनी नीट पोषाख करावा, पूलला प्रतिष्ठा यावी, अशी मोठी भाषा चालली होती. रेयेस जिंकला. मग बक्षिसाचे पैसे तूर्त देता येत नाहीत असे जाहीर झाले, आणि मालिका कोसळली. पूलच्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या बक्षिसाच्या पायी जे खेळाडू ताटकळले ते हस्लर म्हणून हिणविले गेलेले होते. शब्द मोडला तो प्रतिष्ठेची भाषा बोलणाऱ्याने.

आणि आपल्याकडे? १९२२ साली पुण्यास जन्मलेला विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात बिलियर्ड्सचा हौशी जगज्जेता झाला. स्वतंत्र भारताला जगज्जेतेपद मिळवून देणारा तो पहिला खेळाडू. १९६४ साली न्यूझीलंडात त्याने ते पुन्हा मिळविले. किती मराठी घरांत हे नाव माहीत आहे? मुंबईच्या मायकेल फरेराने १९८१ साली पद्मश्री नाकारली. सुनील गावसकरांना पद्मभूषण आणि जगज्जेत्याला पद्मश्री, हे त्याला पटले नाही. १९८३ साली त्यालाही पद्मभूषण मिळाले. त्याचा हट्ट मला अप्रस्तुत वाटत नाही. आपण या खेळाची किंमत किती करतो हे त्याने सरकारकडून लेखी मागून घेतले, एवढेच. पुण्यातच १९८५ साली जन्मलेला आणि बंगळुरात वाढलेला पंकज अडवाणी २५ हून अधिक वेळा जगज्जेता झाला आहे. २०१२ साली तो ब्रिटनच्या व्यावसायिक स्नूकरमध्ये उतरला आणि २०१४ साली ते सोडून परत आला. मुंबईचा आदित्य मेहता २०१३ साली नवी दिल्लीच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. व्यावसायिक मानांकनाच्या स्पर्धेत एवढी मजल मारणारा तो पहिला भारतीय.

अडवाणीला तेल व नैसर्गिक वायू महामंडळाची नोकरी आहे. ही व्यवस्था चांगली आहे, आणि ती करणाऱ्यांचे आभार मानावे तितके थोडे. पण तिच्यातला अर्थ ओळखावा. जगज्जेत्यालाही या देशात स्थैर्य मिळते ते नोकरीच्या खात्यावर. मुलीच्या बापाने "काय करतात?" असे विचारले तर महामंडळाचे नाव सांगता येते, टेबलाचे नाही. आपण पगारी माणसे आहोत. महिन्याच्या अखेरीस रक्कम जमा होते, आणि निवृत्तीनंतरची तरतूदही असते. ज्याची भाकर पुढच्या डावावर अवलंबून आहे त्याची धास्ती आपल्याला कळत नाही, आणि जे कळत नाही त्याला आपण अनीती म्हणतो.

आता पुन्हा आमच्या मार्करकडे येतो. तीस वर्षे तो या टेबलापाशी उभा आहे. क्यू धरावी कशी, पांढरा चेंडू कोठे थांबवावा, हे क्लबातल्या प्रत्येकाला त्याने शिकविले. मलाही, भाऊसाहेबांनाही. सभासदाला जोडीदार नसेल तेव्हाच त्याने क्यूला हात लावावयाचा. वार्षिक स्पर्धेत त्याला प्रवेश नाही, कारण खेळ हा त्याचा धंदा पडला आणि स्पर्धा हौशी सभासदांची. आणि आमच्याशी खेळताना तो काय करतो? सोपा चेंडू केसभर चुकवितो. चार-दोन गुणांनी हरतो. "साहेबांचा हात आज फार छान आहे," असे म्हणतो. दिवाळीला आम्ही त्याला बक्षिसी देतो. पोल्स्कीने ज्या माणसाचे वर्णन केले तोच हा माणूस. आपले खरे सामर्थ्य लपवून खाणारा. फरक एवढाच की ही लबाडी आम्ही त्याच्याकडून करवून घेतो, आणि तिला अदब म्हणतो.

त्याचा मुलगा त्याच्याहून चांगला खेळतो, असे ऐकतो. क्लबाचे टेबल सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत झाकलेले असते. त्याला त्याच्या आसपास फिरकता येत नाही. म्हणून तो बाजारातल्या माडीवर जातो. ती माडी बंद करण्याचा अर्ज आम्ही करतो, आणि त्याचा बाप टेबल पुशीत ते ऐकतो.

तो अर्ज पुढे गेला. त्याचे काय झाले ते अद्याप कळलेले नाही. मी दुसरा एक अर्ज लिहिला आहे, तो क्लबाच्या समितीला. त्यात तीनच मागण्या आहेत. मार्करला शिक्षक म्हणून वेतन द्यावे. दुपारच्या रिकाम्या वेळी गावातल्या मुलांना नाममात्र वर्गणीवर टेबल वापरू द्यावे. आणि वार्षिक स्पर्धा मार्करसह सर्वांना खुली करावी. ज्यांना मुले बिघडण्याची खरोखर काळजी आहे त्यांनी आधी यावर सही करावी. भाऊसाहेबांनी अर्ज वाचून पाहिला. पहिल्या दोन मागण्यांना त्यांची हरकत नाही. तिसरीवर ते अडले आहेत. "अहो, मग स्पर्धा तोच जिंकेल," असे ते म्हणाले.